आमच्याकडे चुका परत घेतात

बनशंकरी, बेंगळूरु
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रवी,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते. तुला तक्रारी अशा वाचायची सवय असेल, आणि मला असंच लिहिता येतं.

१. सोमवार, १३ ऑक्टोबर. अप्पांनी रिंग रोडवरच्या तुमच्या दुकानातून स्वयंपाकघराचा एक नळ विकत घेतला. बिल आहे.
२. शनिवार, १८ ऑक्टोबर. नळ घेऊन ते तुमच्या तक्रार काउंटरवर गेले. टोकन क्रमांक ६१. पन्नास मिनिटं थांबले. अर्ज भरून दिला.
३. बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा. त्यांच्या मोबाइलवर निरोप आला: आपली तक्रार बंद करण्यात आली आहे, धन्यवाद. खाली नाव: रविकिरण, ग्राहक संबंध.
४. शनिवार, २५ ऑक्टोबर. पुन्हा गेले. सव्वा तास. दुसरा अर्ज. मंगळवारी तोच निरोप, तेच नाव.
५. शनिवार, १ नोव्हेंबर. तिसऱ्यांदा गेले. एक तास चाळीस मिनिटं. तिसरा अर्ज. मंगळवारी, चार तारखेला, तोच निरोप.
६. गुरुवार, ६ नोव्हेंबर. नळ मी आमच्या प्रयोगशाळेत तपासला. नळात कोणताही दोष नाही.
७. शनिवार, ८ नोव्हेंबर, म्हणजे काल. त्या काउंटरवर मी गेले.
८. नळ परत करायची मुदत तीस दिवसांची आहे. ती बुधवारी, १२ तारखेला संपते.

माझा प्रश्न एकच आहे. ते तीन निरोप तू पाठवलेस का? माझा अंदाज ‘नाही’ असा आहे. पण अंदाज म्हणजे माहिती नव्हे, आणि अप्पांचा अंदाज माझ्या बरोब्बर उलट आहे.

हे फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर तू ‘हो अक्का, बघतो अक्का’ म्हणतोस, मी ‘ठीक’ म्हणते, आणि दोघंही सुटतो. चार वर्षं आपण असेच सुटत आलो आहोत. आईशी तू दर रविवारी बोलतोस. ती फोन घेऊन मागच्या बाल्कनीत जाते, कपडे काढायला गेल्यासारखी. तुला माहीत नसेल म्हणून सांगते, त्या वेळी अप्पा टीव्हीचा आवाज कमी करतात. ऐकू काहीच येत नाही तिथून. तरी करतात.

नळाची गोष्ट सप्टेंबरात सुरू झाली. मागच्या गल्लीतल्या भाग्यलक्ष्मी टीचर आठवतात ना, तुला गणित शिकवायच्या त्या? त्यांनी तुमच्याकडून बाथरूमचा शॉवर घेतला. घरच्या जुन्या लोखंडी पाइपावर तो बसेना. परत घेऊन गेल्या तर काउंटरवर सांगितलं, खोका आणा. खोका त्यांनी कचऱ्यात टाकला होता. मग फोन करा म्हणाले. फोनवर एक दाबा, दोन दाबा, आणि शेवटी वाजत राहिलेलं संगीत. चौथ्या दिवशी त्या शॉवर पिशवीत घालून अप्पांच्या दुकानात आल्या, थोड्या ओशाळून, कारण विकत तिकडे घेतला होता. अप्पांनी काही विचारलं नाही. फक्त, पाइप वरच्या टाकीचा की थेट कावेरीच्या पाण्याचा, एवढंच. मग एक छोटा जोड शोधला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, शॉवर तिथल्या तिथे बसवून दाखवला आणि म्हणाले, घरी जाऊन हातानंच आवळा, पाना लावू नका. टीचरांनी बिल काउंटरवर ठेवलं होतं. अप्पा चष्मा लावून ते वाचायला लागले. अगदी तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं: काही तक्रार असल्यास, रविकिरण, ग्राहक संबंध. टीचर मला म्हणाल्या, तुझ्या वडिलांनी त्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘इदु नम्म रवि.’ हा आमचा रवी. ते बिल त्यांनी मागून घेतलं. आता ते काउंटरच्या काचेखाली आहे. पाइपांच्या दरपत्रकानं वरचा भाग झाकला आहे, तळ तेवढा दिसतो.

तक्रार करायची तर आधी वस्तू घ्यावी लागते. म्हणून अप्पांनी नळ घेतला. ज्यांच्या दुकानात सतरा प्रकारचे नळ आहेत, त्यांनी.

अप्पांचं दुकान मी गोडीगुलाबीनं सांगणार नाही. दुपारी दीड ते साडेचार ते बंद असतं, मग कुणाच्या घरात पाणी का भरेना. बिल मागितलं की अप्पांचा चेहरा पडतो. बाई काही घ्यायला आली की अजून विचारतात, बसवणार कोण? मलाही विचारतात, आणि मी रोज महादेवपुऱ्याला जाऊन व्हॉल्व्ह का फुटले याचे अहवाल लिहिते. विकलेली वस्तू ते परत घेत नाहीत. हे सगळं तू म्हणायचास आणि ते बरोबर होतं. पण काल मी तुमच्या दुकानात पंचावन्न मिनिटं होते. मोबाइल नंबर चार वेळा द्यावा लागला. कुणी एक शब्द बोलण्याआधी पडद्यानं विचारलं, आमची सेवा कशी वाटली, तारे द्या. एका उंच मुलाला मी मुद्दाम विचारलं, टाकीचा फ्लोट अडकतो, काय करू. त्यानं फार अदबीनं मला नवव्या रांगेत नेलं, फ्लोट दाखवले आणि निघून गेला. कुठली वस्तू कुठे आहे हे त्याला तोंडपाठ होतं. ती कशासाठी असते हे त्याला कुणी सांगितलेलं दिसलं नाही. अप्पा म्हणाले असते, जुना तुकडा आणा. मग तो तुकडा उजेडात धरून, फिरवून, अंगठ्यानं चाचपून, तुझ्या घरात काय बिघडलं आहे ते त्यांनी सांगितलं असतं.

आणि चुका. तुमच्याकडे त्या वीसच्या पाकिटात, प्लास्टिकमागे, पुठ्ठ्याला डकवलेल्या असतात. अप्पांकडे अजून तोच गंजका डबा आहे, तीच तागडी, तोच वर्तमानपत्राचा कागद. बारीक खिळ्यांना मराठीत चुका म्हणतात, यावर त्यांनी आयुष्यभर एकच विनोद केला. मराठी गिऱ्हाईक आलं की हमखास. ‘आमच्याकडे चुका वजनावर मिळतात. एकदा दिल्या की परत घेत नाही.’ आपण दोघं गोदामाच्या दारात उभे राहून त्यांच्याबरोबर ओठ हलवायचो. गिऱ्हाईक हसायचं, अप्पा त्याच्याहून जास्त हसायचे, आणि तू मला चिमटा काढायचास.

म्हणून चार वर्षांपूर्वी त्या रविवारी जेवताना तू ते वाक्य उलटवलंस तेव्हा मला आधी वाटलं, सगळे हसतील. तू दुकानात कॉम्प्युटर आणायचं म्हणत होतास, माल परत घ्यायचा नियम करू म्हणत होतास. अप्पा म्हणाले, ‘आपल्याकडे परत घेत नाहीत.’ तू म्हणालास, ‘हो ना. तुम्ही कुठलीच चूक परत घेत नाही, अप्पा.’ आईनं साराचं पातेलं खाली ठेवलं. अप्पांनी हात धुतला, ताटातच, आणि म्हणाले, ‘सरी. मग तिकडेच जा. आता माझ्या दुकानाची पायरी चढायची तर गिऱ्हाईक म्हणून चढ.’ मी माझ्या भातात सार कालवत होते. कालवतच राहिले. तुझ्या या नोकरीची जाहिरात तुला मीच पाठवली होती, अर्जाचं इंग्रजी माझं होतं, आणि त्या जेवणात हे सांगायला मला दहा मिनिटं तरी मिळाली होती.

ते मी काल सांगितलं, अप्पांना. चार वर्षांनी. ते वायसरच्या पुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, ‘स्वल्प उशीर केलास.’ आणि पुढची पुडी घेतली. रागावले नाहीत. त्यांना ठाऊक होतं की काय, ते मी विचारलं नाही.

आता गेला आठवडा. मंगळवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा अप्पा दिवाणखान्यात मोबाइल हातात घेऊन बसले होते. मला दाखवला. म्हणाले, ‘रवीनं उत्तर दिलं.’ तोपर्यंत मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दर शनिवारी ते देवळात जातात असा आमचा समज होता. मी वाचलं आणि म्हटलं, अप्पा, हे यंत्राचं उत्तर असतं, सगळ्यांना एकच जातं. ते म्हणाले, ‘नाव त्याचं आहे.’ मी म्हटलं, नाव छापलेलं असतं. ते म्हणाले, ‘तीनदा विचारलं. तीनदा बंद म्हणाला. सरी.’ ते ‘सरी’ तुला माहीत आहे. विषय मिटला, पुढे बोलू नका, असं ते असतं. मला वाटलं, नळाबद्दल बोलत आहेत. नळाचं मी बघते, असं मी म्हटलं. त्यांनी खोका माझ्याकडे दिला, जरा नाखुशीनं.

बिघाड शोधायचा तर आधी वस्तू तपासायची, मग वापर, मग तक्रार. गुरुवारी तो नळ मी चाचणीच्या बाकावर लावला. घरच्या दाबाच्या चौपट दाब दिला. थेंब पडला नाही. हँडल पाचशे वेळा फिरवलं, सैल झालं नाही. मग भिंगाखाली आटे पाहिले. आट्यांवर एकही ओरखडा नव्हता. तो नळ कधी कुठे बसवलाच नव्हता. वस्तू ठीक, वापर झालेलाच नाही. उरली तक्रार. त्यात काय लिहिलं होतं ते बघायला मी काल गेले.

काउंटरवर पवित्रा नावाची मुलगी होती. तू तिला ओळखत असशील, किंवा नसशील. मी बिल दाखवलं आणि ती म्हणाली, ‘अय्यो, नळाचे अंकल? यावेळी का नाही आले? बरे आहेत ना?’ दर शनिवारी तिनं त्यांना आतली खुर्ची आणून दिली होती. तुमच्याकडे गिऱ्हाइकांना बसायला खुर्ची ठेवत नाहीत, हे मला तेव्हा लक्षात आलं. मी विचारलं, तक्रार बंद का झाली? तिला वाईट वाटलं. तिनं पडद्यावर ते तीन अर्ज काढले आणि म्हणाली, ‘मॅडम, अक्षरं कन्नड आहेत, पण कन्नड नाही. तुम्हीच ऐका.’

पुढचं तुला आत्ताच कळलं असेल. अप्पांची मराठी नेहमीच कन्नड लिपीत. दुकानाची यादी, आईला ठेवलेली चिठ्ठी, आपल्या प्रगतिपुस्तकावरचा शेरा, सगळं. शाळेत ते जी अक्षरं शिकले त्यांतच घरची भाषा लिहितात. आपल्या घरात ते कुणाला कधी विचित्र वाटलं नाही. ही चिठ्ठी आपल्यापैकी कुणाच्याही हाती पडली असती तर सरळ वाचली असती. ती पडली पवित्राच्या हाती, आणि तिनं आपल्या परीनं प्रामाणिकपणे वाचली.

पहिला अर्ज तिनं मोठ्यानं वाचून दाखवला, एकेक अक्षर सुटं करून. ‘ये-थे स-र्व क्षे-म. दि-वा-ळी-स ये-णे.’ मग म्हणाली, दिवाळी कळलं मॅडम, आणि पुढे एण्णे, म्हणजे तेल. दिवाळीसाठी दिव्याचं तेल हवं असेल. ते आपण ठेवत नाही. म्हणून यादीतलं कारण निवडलं: वस्तू उपलब्ध नाही. ती बटण दाबते, यंत्र निरोप पाठवतं, खाली तुझं नाव येतं. येथे सर्व क्षेम, दिवाळीस येणे, याला पाडव्याच्या दिवशी उत्तर गेलं, आपली तक्रार बंद करण्यात आली आहे, रविकिरण.

मी काउंटरच्या कडेला हात ठेवून उभी होते. अशा वेळी मी काय करते तुला माहीत आहे. मी विचारलं, अर्ज वरच्या अधिकाऱ्यांकडे जात नाहीत का? ती म्हणाली, वर फक्त तीव्र तक्रारी जातात. वकिलाचं नाव, पोलीस किंवा शिवीगाळ असेल तर. म्हणजे अप्पांनी शिवी दिली असती तर तुझ्यापर्यंत पोचले असते. मी तुझी बहीण आहे हे मी सांगितलं नाही. अप्पांनीही तीन शनिवारांत एकदाही सांगितलं नव्हतं की वर बसतो तो माझा मुलगा. दुसऱ्या मजल्यावर गिऱ्हाइकांना जाता येत नाही, अशी पाटी जिन्याशी आहे. त्यांनी ती वाचली असणार आणि पाळली.

दुसरा अर्ज. पवित्राला त्यातलं एक अक्षरही कळलं नव्हतं, म्हणून कारण ‘इतर’. तिनं वाचला, मी ऐकला. ‘आमच्याकडे आता चुका परत घेतात.’ एवढंच वाक्य. खाली सही, वादिराज, आणि दुकानाचा पत्ता, जणू तुला तो माहीत नसावा.

आयुष्यभराचा विनोद त्यांनी एका शब्दानं बदलला आणि तुमच्या छापील चौकटीत बसवला. माझ्या कामात आम्ही अहवालाच्या शेवटी मूळ कारण लिहितो. तिथे मी हे वाक्य लिहिलं असतं आणि अहवाल संपवला असता. पण तिसरा अर्ज होता.

तो वाचण्याआधी पवित्रा म्हणाली, हा मला कळला होता मॅडम, म्हणून जास्त वाईट वाटलं. ‘पाप,’ म्हणाली, कन्नडमधलं, बिचारे या अर्थाचं. कन्नडमध्ये गिराकी म्हणजे गिऱ्हाईक, आणि खाली म्हणजे रिकामं, हे दोन शब्द तिनं ओळखले होते. तिनं अर्थ लावला: अंकलचं छोटं दुकान असणार, आमच्यामुळे त्यांची गिऱ्हाइकं गेली, दुकान खाली पडलं, म्हणून दर आठवड्याला येऊन बसतात. यात मी काय करणार मॅडम, म्हणाली, यादीत तसं कारणच नाही. तिचे डोळे भरले होते. मग तिनं वाचला, आणि मराठीत तो असा आहे, रवी: ‘गिऱ्हाईक म्हणून आलो आहे. खाली बसलो आहे.’

एक तास चाळीस मिनिटं, आतून आणलेल्या खुर्चीवर, मांडीवर नळाचा खोका घेऊन. तू वर दुसऱ्या मजल्यावर होतास. हे पत्र मी एवढ्यासाठी लिहिलं. मी अप्पांना सगळं समजावलं आहे, एण्णे, खाली, यादी, बटण. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पुन्हा तेच म्हणाले, नाव त्याचं आहे. माझ्या सांगण्यानं ते बदलणार नाही, तुझ्याच उत्तरानं बदलेल. ते आता शनिवारी येणार नाहीत. बुधवारी मुदत संपली की तुझ्या इमारतीत शिरायला त्यांच्याकडे कारणही उरणार नाही, आणि विनाकारण ते कुठे जात नाहीत. तिन्ही अर्जांच्या प्रती सोबत आहेत. तू त्या सरळ वाचू शकशील. पाकीट उद्या सकाळी पवित्राच्या हाती देते. ते ती स्वतः दुसऱ्या मजल्यावर आणून देणार आहे, तसं तिनं कबूल केलं आहे. निरोप तू पाठवले नव्हतेस एवढं मला कळवलंस तरी पुरे, पण खरं उत्तर त्यांना दे. लिहिलंस तर त्यांच्या अक्षरांत लिही. आलास तर दुकान सकाळी नऊ ते दीड आणि साडेचार ते साडेसात उघडं असतं. बुधवार, १२ नोव्हेंबरपर्यंत उत्तर दे.

तुझीच,
सुप्रीता अक्का